ऊबमंत्र्याची चाकं

आमच्या इमारतीत अशी बोलवा आहे की हेल्दुर पायुस्तेने बायकोला टाकलं आणि तळघरातल्या पाइपांशी संसार थाटला. रात्रीसुद्धा म्हणे तो तिथेच निजतो, मोठ्या पाइपाला मिठी मारून. हे साफ खोटं आहे. निजायला तो घरीच येतो, भिंतीकडच्या बाजूला झोपतो आणि असा घोरतो की वरच्या मजल्यावरची मांजर जागा बदलते. तळघरात त्याची फक्त एक खुर्ची, एक खरखरता रेडिओ आणि टोपी अडकवायला खिळा होता. मिठीबद्दल मात्र मी शपथ घेणार नाही. पाइपावरून हात फिरवताना मी त्याला माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. लैदाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या पाठीवरून असा हात फिरल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

तार्तू शहरातल्या पांढऱ्या विटांच्या पाचमजली इमारतींपैकी आमची एक. लिफ्ट नाही, चार जिने, आणि चौथ्या जिन्याखाली तळघर. शहराच्या भट्टीत उकळलेलं पाणी पाइपाने तळघरात यायचं, तिथून चार फाटे फुटून एकेका जिन्याच्या घरांत चढायचं. प्रत्येक फाट्यावर एक लाल चाक. चाक सोडलं की त्या जिन्याला ऊब, आवळलं की थंडी. या चार चाकांच्या तळघराची किल्ली हेल्दुरकडे कशी आली याला काही मोठा इतिहास नाही. आधीचा रखवालदार पिऊन बर्फात झोपला तो उठलाच नाही, आणि त्याच्या खिशातली किल्ली ज्याने काढली तो हेल्दुर. तेव्हा तो चामड्याच्या कारखान्यात खोकी बांधायचा. पाइपातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पुढे राज्य गेलं, झेंडा बदलला, नाणी बदलली, भाड्याची घरं आमच्या मालकीची झाली, सोसायटी स्थापन झाली. हेल्दुरची किल्ली तेवढी हेल्दुरकडेच राहिली. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

पाइपावर तळहात टेकायचा, डोळे मिटायचे आणि ओठ हलवायचे, एवढीच त्याची विद्या. पण शरद ऋतू संपत आला, सकाळी गवत पांढरं दिसायला लागलं, की आख्खी इमारत त्याच्या दाराशी. ऊब कधी सोडायची हे तो ठरवणार. अजून दोन-चार दिवस कळ काढा, असं तो म्हणायचा, आणि लोक मग खारातल्या काकड्या, लाल रानबेरीचा मुरंबा, घरची बिअर असं काहीबाही घेऊन यायचे, म्हणजे कळ जरा लवकर सुटायची. कारखान्यात ज्याला कोणी नावाने हाक मारली नव्हती त्याच्यासाठी जिन्यात लोक भिंतीला चिकटून वाट करून द्यायचे. आम्ही त्याला ऊबमंत्री म्हणायचो. पाठीमागे म्हणायचो, पण त्याला ते कळलं होतं आणि आवडलंही होतं. लैदा सांगायची की आरशासमोर टोपी घालताना त्याची मान आता वेगळीच होते.

विर्वे माझ्या समोरच्या दारात राहते, तिसऱ्या जिन्यात. बस डेपोत गाड्या सोडायचं काम करून निवृत्त झालेली. तिच्या आवाजात अजून उशीर झालेल्या ड्रायव्हरला झापण्याची धार आहे. वसंतात आमच्याकडे सगळी इमारत मिळून अंगणात श्रमदान करते, वर्षभराची कुजकी पानं गोळा करते, मग सूप पिते. एका वर्षी हेल्दुर फावड्यावर हनुवटी टेकून उभा होता आणि लैदा वाकून त्याच्या वाटणीची पानं ओढत होती. विर्वे सगळ्यांदेखत म्हणाली की मंत्रिमहोदयांना खुर्ची द्या, बायको राबताना बघून पाय दुखत असतील. हशा झाला. हेल्दुरही हसला.

त्या हिवाळ्यात तिसरा जिना गोठला. बाकीच्या तीन जिन्यांत लोक सदऱ्यावर बसत होते आणि आम्ही घरात कोट घालून जेवत होतो. हेल्दुरकडे गेलं की तो पाइपावर हात ठेवून डोळे मिटायचा आणि सांगायचा की पाणी तिसऱ्याकडे जायला तयार नाही, पाण्याचाही स्वभाव असतो. विर्वेची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. म्हातारी लोकरीची टोपी आणि हातमोजे घालून पलंगात पडून असायची, वाफाळता चहा छातीशी धरून. मी मुरंबा नेला, दुसऱ्या कोणी बिअर नेली. विर्वेने काहीच नेलं नाही. मार्चमध्ये तिने आईला विल्यांदीला बहिणीकडे पोचवलं, आणि म्हातारी तिथून परत आली नाही. यावर विर्वे आजवर एक शब्द बोललेली नाही. तिने फक्त सोसायटीच्या अध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं, आणि ती निवडून आली.

अध्यक्ष झाल्यावर तिने पहिलं काम काढलं ते इमारतीच्या नूतनीकरणाचं. मतं गोळा करायला तिला काही वर्षं लागली, पण तिने एकेका म्हाताऱ्याला बस फलाटाला लावावी तसं रांगेला लावलं. मग कामगार आले. इमारतीला बाहेरून जाड अस्तर चढवलं, जशी एखाद्या आजाऱ्याला गोधडी गुंडाळावी. खिडक्यांना तिहेरी काचा आल्या. जुने ओतीव लोखंडी रेडिएटर, म्हणजे ज्यांतून गरम पाणी फिरून घर तापतं ते, उपटून नवे रुंद, चपटे लावले. आणि भट्टीचं उकळतं पाणी बंद होऊन इमारत शहराच्या नव्या जाळ्याला जोडली गेली. त्या जाळ्यात पाणी कोमटच असतं. पलीकडच्या बाजारातली मांसाची थंड कपाटं आणि कचेऱ्यांतली यंत्रं जी उष्णता बाहेर टाकतात ती ते पाणी गोळा करून आमच्याकडे आणतं, आणि आम्ही ती काढून घेतली की गार होऊन पुन्हा त्यांची कपाटं थंड करायला जातं. उन्हाळ्यात तेच जाळं कचेऱ्यांना गारवा पुरवतं. भिंती जाड झाल्यामुळे कोमट पाण्यानेही घर उबदार राहतं. तळघरात एक चकाकती पेटी बसली, तिला कुलूप, आणि ती चालते ऊब पुरवणाऱ्या कंपनीच्या कचेरीतून.

हेल्दुरने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डुकराच्या तंगड्यांनी टाकलेली ऊब. उष्टी ऊब खायची पाळी आली आपल्यावर."

पण त्याचं दुःख ते नव्हतं. पेटी आल्यावर लाल चाकं जाणार होती, आणि चाकं गेली की किल्लीचं काय करायचं, बिअरची बाटली उघडायला वापरायची? तो प्लंबरच्या मागेमागे फिरायला लागला. घरी बसला तर लैदावर मंत्रिपद चालवायला लागला. खिडकी किती उघडायची, केटली कितीदा ठेवायची, सगळं तोच ठरवणार. चौथ्या दिवशी लैदा विर्वेच्या दारात आली. मी माझ्या दाराला कान लावून होते, त्यामुळे शब्द न् शब्द सांगू शकते.

"चाकं भिंतीवर राहू दे," लैदा म्हणाली. "कशाला जोडायची गरज नाही. नुसती राहू देत."

"कशासाठी?"

"तो सकाळी खाली जावा म्हणून. नाहीतर असं कर, त्याला तुझ्याकडे ठेवून घे."

विर्वे हसली. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायची मला हौस नाही.

प्लंबरने जुने पाइप भिंतीमागून कापले आणि चार चाकं, प्रत्येकाला वीतभर पाइपाचं शेपूट ठेवून, होती तिथेच सिमेंटात रोवली. हेल्दुरला सांगितलं की पेटी ऊब आणते, ती वाटून देतात मात्र चाकंच. हेल्दुरने लगेच पाइपावर तळहात टेकला. पाइप थंड. प्लंबर सरळ चेहऱ्याने म्हणाला की आता तसंच लागणार, कमी तापमानाचं पाणी आहे ना, हाताला कळतच नाही. ही गोष्ट तर आख्खं शहर कानीकपाळी ओरडून सांगत होतं. नवे रेडिएटर हाताला थंड वाटतात, घाबरू नका, असं पेपरातही आलं होतं. हेल्दुरने मान डोलावली. पूर्वीच्या कढत पाइपाच्या काळात ही थट्टा एक तासही टिकली नसती. उष्ट्या उबेने ती दोन हिवाळे टिकवली.

हे गुपित तिसऱ्या जिन्यापुरतं होतं. आम्ही मजा लुटली. सकाळी कोणीतरी खाली जायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं की हेल्दुर, जरा पाव फेरा सोडता का, माझे गुडघे बोलायला लागलेत. तो डोळे मिटून चाक हलवायचा. मग दुसऱ्या कोणी वरून यायचं आणि सांगायचं की आहाहा, आत्ता कुठे जिवात जीव आला. मी पुन्हा मुरंबा न्यायला लागले. विर्वे तर रोज न चुकता खाली जायची, त्याच्यासमोर उभी राहायची आणि मुद्दाम मोठ्याने म्हणायची, तिसऱ्या जिन्यात काय छान ऊब आहे हो, उपकार झाले. तेव्हा हेल्दुरचा चेहरा असा व्हायचा जसा खोट्या नोटेकडे बघावं. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्याला गहिवरून आलं. वर येऊन आम्ही पोट धरून हसायचो.

घोळ असा झाला की कोणाला सांगितलंय आणि कोणाला नाही याचा कोणी विचार केला नाही. पहिल्या आणि दुसऱ्या जिन्यातल्या म्हाताऱ्यांना चाकं खरीच वाटत होती. त्यांचं आधीच नव्या रेडिएटरशी पटत नव्हतं. जन्मभर त्यांनी रेडिएटरवर मोजे वाळवले, काळ्या पावाचे तुकडे कडक केले, जंगलातून आणलेली अळंबी दोऱ्यात ओवून सुकवली. नव्या रेडिएटरवर अळंबीला लव फुटली. दुसऱ्या जिन्यातल्या पाचव्या मजल्यावरचा वांबोला सिक हा निवृत्त ट्रक ड्रायव्हर; भिंतीवरचं तापमापक बावीस अंश दाखवत असताना तो कानटोपी घालून घाम पुसत बसायचा, कारण रेडिएटरला हात लावला की मेलेल्याच्या कपाळाला लावल्यासारखं वाटतं. तापमापकाचं काय, म्हणे ते कंपनीने दिलेलं. थंडी वाजते की नाही हे त्याला अंगाने नव्हे, तळहाताने ठरवायचं होतं. या बाबतीत आमच्या इमारतीत तो एकटा नव्हता.

सिक धुरावलेला ब्रीम मासा घेऊन हेल्दुरकडे गेला. हेल्दुरने दुसऱ्या जिन्याला दोन फेरे जास्त दिले. सिक वर आला, रेडिएटरला हात लावला, कानटोपी काढली, आणि अर्थातच त्याला बरं वाटलं. त्याने ते बाल्कनीत उभं राहून सगळ्या अंगणाला सांगितलं.

त्या संध्याकाळपासून पहिल्या जिन्याला थंडी वाजायला लागली. काल बावीस होते, आजही बावीसच, पण दुसऱ्याला दोन फेरे मिळाले म्हणजे ते आमच्यातूनच गेले असणार, हा हिशेब त्यांना सुचला. पहिल्याने बदक नेलं. दुसऱ्याने रानडुकराचा सॉसेज नेला. हेल्दुर दोघांचं घ्यायचा, दोघांना अर्धाअर्धा फेरा द्यायचा आणि वर सांगायचा की शेजाऱ्याने काय आणलं होतं. त्याचं राज्य परत आलं होतं, पूर्वीपेक्षा मोठं. दोन्ही जिने एकमेकांशी बोलेनासे झाले. एका कडाक्याच्या सकाळी कोणीतरी पहिल्या जिन्याच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बादलीभर पाणी ओतून ठेवलं, आणि तळमजल्यावरची वृद्ध बाई घसरून मनगट मोडून बसली. सिकने आपण नव्हे म्हणून सांगितलं. बादली मात्र सिकची होती.

आणि आम्ही हसायचं थांबवलं का? नाही. थोडं हळू हसायला लागलो.

मग हेल्दुरला एक युक्ती सुचली. चाकं कितीही फिरवली तरी रेडिएटर कढत होत नाहीत हे त्यालाही दिसत होतं. त्याने कानगोष्टींत सांगितलं की रेडिएटरच्या टोकाला पाण्याची धार आपोआप कमी-जास्त करणारं जे पांढरं बोंडूक आहे ते पाण्याला अडवतं, ते काढून फेका. घरोघर बोंडकं निघाली. पाणी आता घरात न रेंगाळता धावत आत आणि धावत बाहेर, आलं तितकंच कोमट परत जायला लागलं. वरच्या मजल्यांवर आता खरोखरच गारठा आला. पलीकडच्या बाजारात थंड कपाटं घाम गाळायला लागली. कंपनीचा विर्वेला फोन आला की तुमची इमारत पाणी गार न करताच परत पाठवते, जाळं बिघडतंय, आठवड्यात सुधारा, नाहीतर आमची माणसं येऊन तळघरापासून वरपर्यंत तपासतील. तळघर तपासलं की चाकं दिसणार, आणि अध्यक्षबाईंनी इमारतीला काय उद्योग करून ठेवलाय ते आख्ख्या शहराला कळणार.

विर्वे दारोदार फिरली. बोंडकं परत लावा म्हणून विनवलं, डेपोच्या आवाजात दरडावलंही. सगळ्यांचं उत्तर एकच. हेल्दुर म्हणाला तर लावू.

म्हणून ती खाली गेली. मी सोबत होते, साक्षीला म्हणा किंवा चवीला म्हणा. हेल्दुर खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होता. त्याने तो बंद केला नाही, आवाज फक्त कमी केला. विर्वेने काय हवंय ते सांगितलं. त्याने पाइपावर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि अटी सांगितल्या. सर्वसाधारण सभेत तिने उभं राहून सांगायचं की या इमारतीची ऊब हेल्दुर पायुस्तेच्या हातात आहे. तळघराची किल्ली मरेपर्यंत त्याचीच, आणि यावर हात वर करून मतदान. मग तो बोंडकं लावायला सांगेल.

विर्वे म्हणाली, बरं, सभेत सांगते.

सभा तळघरातच भरली, सायकली ठेवायच्या खोलीत, कारण सगळे मावतील अशी दुसरी जागा नाही. चाकं तिथेच भिंतीवर. पहिला जिना डावीकडे, दुसरा उजवीकडे, मध्ये कोणाच्या तरी मुलाची घसरगाडी. हेल्दुरने लग्नाचा कोट घातला होता. लैदा त्याच्या शेजारी विणकाम घेऊन बसली होती. सिकने सवयीने कानटोपी आणली होती, ती मांडीवर.

विर्वे उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल इतपत आवाजात ती म्हणाली, "हेल्दुरची इच्छा आहे की मी सगळ्यांसमोर सांगावं या इमारतीची ऊब कोणाच्या हातात आहे."

मग ती भिंतीकडे गेली, पहिलं लाल चाक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. सिमेंटचा चुरा खाली पडला आणि चाक वीतभर पाइपासकट उपटून आलं, मुळा यावा तसं. तिने ते हेल्दुरच्या मांडीवर ठेवलं. दुसरं उपटलं, तेही ठेवलं. तिसऱ्याला तिने भिंतीला पाय लावला. चौथं आपणहून आलं. चारही मुळे त्याच्या कोटावर, आणि लाल रंगाचे पापुद्रे त्याच्या पँटवर.

"दोन हिवाळे तू भिंत फिरवतोयस," विर्वे म्हणाली. "हिला काहीही जोडलेलं नाही. पेटी बसल्यापासून कधीच नव्हतं. आमचा आख्खा जिना रोज तुझ्याकडे येऊन हसून जात होता."

तिसऱ्या जिन्यातून हसू फुटलं. आधी नाकातून, मग उघड. मीही हसले. पहिला आणि दुसरा जिना हसला नाही. ते आपापल्या बदकांचा आणि सॉसेजचा विचार करत असणार. तळमजल्यावरची बाई प्लास्टरमधल्या हाताकडे पाहत होती. सिकने उगीचच टोपी डोक्यावर चढवली, काढली, पुन्हा चढवली.

हेल्दुरने एक चाक उचललं, पाइपाच्या पोकळ टोकातून आत पाहिलं. मग लैदाकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?" लैदाने टाके मोजायचं सोडलं नाही. तेवढ्यावरून त्याला कळलं.

"किल्ली," विर्वे म्हणाली आणि तळहात पुढे केला.

आता तो रडणार अशी आमची सगळ्यांची खात्री होती, आणि खोटं कशाला बोलू, मागच्या रांगेतल्या काहींनी नीट दिसावं म्हणून माना उंच केल्या. त्याने खिशातून किल्ली काढली. ती त्याने विर्वेच्या हातावर ठेवली, चाकं एकेक करून जमिनीवर मांडली, पँटवरचे पापुद्रे झटकले आणि उभा राहून आमच्या जिन्याकडे सावकाश पाहिलं. जणू एखादं काम राहून गेलं त्याची चुटपुट लागावी, असा चेहरा.

तो म्हणाला, "म्हणजे दोन हिवाळे मी तिसऱ्या जिन्याचं चाक पक्कं आवळून ठेवलं होतं, ते फुकटच गेलं म्हणायचं."